बाहेरच्या भिंतीचा गिलावा: ब्लॉकला झेपेल असा माल कसा ठरवायचा

साताऱ्यात शाहूपुरीच्या अंगाला आमचं घर आहे. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा तिसऱ्या पावसाळ्यानंतर काढून टाकावा लागला. काढायला कष्टही पडले नाहीत. एका कडेला पहार लावली आणि दाराएवढा पापुद्रा अखंड सुटून खाली आला. पापुद्रा दगडासारखा कडक होता, हातोडीनेही सहज फुटत नव्हता. मागच्या बाजूला मात्र ब्लॉकची करडी भुकटी चिकटलेली होती. म्हणजे गिलावा शाबूत होता आणि ब्लॉकचं तोंड सोलून निघालं होतं.

माल १:३ चा होता, एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू. हे प्रमाण मीच सांगितलं होतं. "पावसाच्या तोंडची भिंत आहे, सिमेंटला हात आखडू नका," असं मी मिस्त्रींना बजावलं होतं आणि त्यांनी ऐकलं. नवा गिलावा करायला जे वयस्कर गवंडी आले, त्यांनी तो पापुद्रा हातात घेऊन उलटा केला आणि म्हणाले, "साहेब, गिलावा भिंतीपेक्षा वरचढ झाला की तो भिंतीला धरून राहत नाही." त्यांना सगळे आबा म्हणायचे. पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं आबांच्या हाताखाली उभं राहून शिकलो, आणि नंतर नातेवाइकांच्या व ओळखीच्यांच्या बांधकामांवर पडताळून पाहिलं.

जास्त सिमेंट का नडतं

सिमेंटचा माल सुकताना आकसतो. सिमेंट जितकं जास्त आणि त्यासाठी घातलेलं पाणी जितकं जास्त, तितकं आकसणं जास्त. भिंत मागून धरून ठेवते, गिलावा आत ओढला जातो, आणि ही ओढाताण कुठेतरी सुटावीच लागते. माल मऊ असेल तर ती असंख्य बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी वाटली जाते. माल कडक असेल तर मोजक्या पण मोठ्या भेगा पडतात, किंवा गिलावा आणि ब्लॉक यांच्यामधला सांधाच सुटतो. वर उन्हाळ्यात दुपारी भिंत तापते, रात्री निवते, पावसात भिजते, पुन्हा सुकते. दर वेळी गिलावा आणि ब्लॉक थोडे फुगतात, थोडे आकसतात, पण सारख्या मापाने नाही.

पाणी आत येतं ते बहुतेक वेळा भेगेतून. केसाएवढी भेगही पाणी ओढून घेते, आणि आत गेलेलं पाणी कडक सालीमागे अडकून बसतं. मध्यम ताकदीचा गिलावा पावसात वरून थोडा भिजतो आणि उघडीप मिळाली की तिथूनच सुकतो. म्हणून बाहेरच्या गिलाव्याचा मूळ नियम असा: गिलावा मागच्या भिंतीपेक्षा कमजोर हवा, आणि दोन हातांचा, म्हणजे दोन थरांचा, गिलावा असेल तर बाहेरचा हात आतल्या हातापेक्षा पातळ हवा आणि ताकदीने कधीही वरचढ नको. भारतीय मानक आयएस १६६१ हे सिमेंट आणि सिमेंट-चुन्याच्या गिलाव्याचंच आहे, १९७२ सालचं. ठेकेदाराशी बोलताना त्याचं नाव घेतलं की तोही प्रमाणाची गोष्ट गंभीरपणे घेतो, असा माझा अनुभव आहे.

आधी भिंत ओळखा

आपल्याकडे "ब्लॉकची भिंत" म्हटलं की तीन-चार वेगळ्या वस्तू निघतात. कारखान्यातला सॉलिड काँक्रीट ब्लॉक वजनदार, तोंडाला गुळगुळीत, पाणी कमी पिणारा. पोकळ ब्लॉक त्याच जातीचा, पण पातळ कडांचा. गावाच्या वेशीवरच्या यार्डात दगडाची कच आणि सिमेंट दाबून काढलेला ब्लॉक दिसायला सॉलिडच, पण ताकद कुणी मोजलेली नसते. आणि चौथा एएसी, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटचा, पांढरट, हलका, करवतीने कापता येणारा. मानकातले सॉलिड ब्लॉक चौरस मिलिमीटरला ४ ते ५ न्यूटन ताकदीचे असतात, आणि बाजारातला एएसी साधारण ३ ते ४.५ न्यूटनचा. आता १:३ चा सिमेंट माल यापेक्षा कितीतरी कडक होतो, मग तो यांच्या अंगावर सुखाने राहणार कसा?

ओळख पटवायला किल्ली आणि ओंजळभर पाणी पुरतं. किल्लीने ब्लॉकवर जोर देऊन रेघ ओढा. पांढरी पुसट रेघ उठली तर ब्लॉक चांगला. खाच पडून भुकटी सांडली तर ब्लॉक कमजोर, मग विकणारा काहीही सांगो. त्यानंतर भिंतीवर पाणी उडवा. लगेच शोषून डाग कोरडा दिसू लागला तर भिंत तहानलेली आहे, ती मालातलं पाणी ओढून घेईल आणि सिमेंट पुरतं पकडण्याआधीच माल कोरडा पडेल. पाणी थेंब होऊन ओघळलं तर तोंड फार गुळगुळीत आहे, माल चिकटायला खडबडीत हात द्यावा लागेल. एएसी थोडा फसवा असतो. वरून पटकन पाणी ओढतो आणि आत साठवून ठेवतो. त्याला नळी लावून भिजवलं तर आतला ओलावा निघायला आठवडे लागतात आणि तो सुकताना आकसतो, गिलाव्यासकट. एएसीवर फक्त फवारा, तोही माल लावायच्या थोडा आधी.

ब्लॉकचं वयही विचारा. सिमेंटचा ब्लॉक किमान १४ दिवस पाण्यावर आणि त्यानंतर चारेक आठवडे सुकलेला हवा. आपल्याकडे सकाळी साच्यातून काढलेला ब्लॉक चौथ्या दिवशी टेम्पोत चढतो. असा हिरवा ब्लॉक भिंतीत बसल्यावर आकसतो, आणि त्याच्या भेगा गिलाव्यात सांध्यांच्या रेषेत पायऱ्यांसारख्या उमटतात. अशा भिंतीला प्रमाण बदलून काही होत नाही. वेळ द्यावा लागतो. भिंत रचल्यापासून महिनाभर थांबता आलं तर थांबाच.

वाई किंवा साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या मातीत रचलेल्या वाड्याच्या भिंतींना यातला कुठलाही सिमेंटचा माल लावू नका. त्यांना चुन्याचाच गिलावा हवा, आणि तो वेगळा विषय आहे.

मग पाऊस आणि ऊन बघा

आपला जिल्हा या बाबतीत विलक्षण आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात तो ५०० च्या आसपास येतो. मेढा, पाटण, कोयनेच्या अंगाच्या गावांना आठवडे आठवडे झड लागते. सांगलीकडे शिराळ्यात तशीच गत, आणि जत, आटपाडीत उलट. मग एकच प्रमाण सगळीकडे कसं चालेल? घाटमाथ्यावर लोक पूर्वी पावसाच्या तोंडच्या भिंतींना गवताची झापं बांधायचे. तो पाऊस कुठल्याही गिलाव्याच्या भरवशावर एकट्याने पेलण्यासारखा नाही, हे त्यांना कळत होतं. आजही तिथे छज्जा दोन फूट बाहेर काढणं हे सिमेंटच्या चार जास्त गोण्यांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

एकाच घराच्या चार भिंतीही सारख्या नसतात. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, दुपारचं ऊनही पश्चिमेलाच. तीच भिंत सगळ्यात जास्त भिजते आणि सगळ्यात जास्त तापते. प्रमाण ठरवताना तिचा वेगळा विचार करा. माणमध्ये, दहिवडी-म्हसवडकडे पावसापेक्षा ऊन आणि कोरडा वारा हा मोठा शत्रू आहे. तिथे गिलावा भिजून नव्हे, तर घाईने वाळून बिघडतो.

वाळू: इथे सगळा खेळ आहे

सिमेंटची गोणी कुठूनही आणा, ती बहुतेक ठीकच असते. फरक पाडते ती वाळू. कृष्णा-कोयनेची नदीची वाळू आता सहज मिळत नाही आणि मिळाली तरी तिचा खात्रीचा स्रोत सांगता येत नाही. बहुतेक कामं काळ्या दगडाच्या क्रश सँडवर चालतात. क्रश सँड वाईट नाही, पण तिच्या नावाखाली तीन वस्तू येतात: धुतलेली प्लास्टर सँड, काँक्रीटसाठीची जाड सँड, आणि क्रशरखालची कच. कचेत दगडाची पूड भरपूर असते. पूड जास्त असली की माल लोण्यासारखा रंध्याखाली, म्हणजे गिलावा सपाट करायच्या लाकडी फळीखाली, चालतो, गवंडी खूश होतो, पण पाणी जास्त लागतं आणि वाळताना कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उठतात. काँक्रीटची जाड सँड घेतली तर माल रुक्ष होतो, रंध्याखाली फाटतो, आणि तो चालावा म्हणून गवंडी गुपचूप सिमेंट वाढवतो.

चांगली वाळू म्हणजे जाड, मध्यम आणि बारीक कणांची मिसळ. सगळे कण एकाच मापाचे असतील तर मधल्या पोकळ्या भरायला सिमेंट जास्त लागतं. पहिल्या हाताला थोडी जाड, दुसऱ्या हाताला बारीक चाळणीतून काढलेली.

ट्रक रिकामा होण्याआधी एक तपासणी करा. पारदर्शक बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, चमचाभर मीठ. जोराने हलवून तीन तास ठेवा. वाळू खाली बसते आणि तिच्यावर गाळाचा वेगळा थर दिसतो. वाळूचा थर १० सेंटिमीटर आणि गाळाचा ८ मिलिमीटरपर्यंत असेल तर वाळू चालेल. त्याहून जास्त असेल तर धुवा किंवा परत पाठवा. नदीच्या वाळूत तो गाळ मातीचा असतो आणि माती जास्त घातक, कारण ती फुगते आणि आकसते. वजनाने मोजायचं तर गिलाव्याच्या वाळूसाठीचं मानक, आयएस १५४२, माती आणि बारीक पुडीला ५ टक्क्यांची मर्यादा घालतं. ट्रकवाला कुरकुर करेल. एका वेळी परत पाठवला की पुढच्या वेळी तो नीट माल आणतो.

दुसरी गोष्ट बहुतेक साइटवर दुर्लक्षित राहते. ओलसर वाळू फुगते. कोरड्या वाळूच्या मानाने ती २० ते ३० टक्के जास्त जागा व्यापते, आणि घमेल्याने मोजणाऱ्याला ते कळत नाही. सरळ बाजूंच्या डब्यात ओलसर वाळू २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरा. मग डबा पाण्याने भरून ढवळा. वाळू खाली बसून १६ सेंटिमीटरवर आली तर तिची फूग २५ टक्के. म्हणजे १:६ च्या मालाला सहा नव्हे, साडेसात मापं ओलसर वाळू लागेल. हे न बघता सहा मापं टाकली तर तुम्ही नकळत १:५ पेक्षाही जास्त सिमेंटचा माल लावताय.

प्रमाण ठरवणं

सिमेंट पीपीसी घ्या. फ्लायअॅश मिसळलेलं हे सिमेंट सावकाश पकडतं, माल मऊ चालतो, गरमीही कमी धरतं. ५३ ग्रेडचं सिमेंट गिलाव्याला लागत नाही. गोणी तीन महिन्यांपेक्षा जुनी नको.

चुन्याबद्दल मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडे तो गिलाव्यातून जवळजवळ गेला आहे, आणि त्याचं वाईट वाटतं. चुना मालात पाणी धरून ठेवतो, त्यामुळे तहानलेला ब्लॉक ते चटकन ओढू शकत नाही. माल रंध्याखाली चालावा म्हणून सिमेंट वाढवावं लागत नाही. आणि वाळलेला गिलावा थोडा लवचीक राहतो, केसाएवढ्या भेगा पुढे कालांतराने चुन्यानेच काही प्रमाणात भरून येतात. हायड्रेटेड चुन्याची पावडर गोणीत मिळते. ती आदल्या दिवशी पाण्यात भिजवून लोण्यासारखी करून ठेवा. एका गोणी सिमेंटच्या मापाइतका चुना म्हणजे साधारण २० किलो पावडर. हातमोजे आणि चष्मा विसरू नका. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन सरळ दवाखाना गाठावा.

प्रमाणं मी सिमेंट, चुना, वाळू या क्रमाने मापात देतो. दोनच आकडे असतील तिथे सिमेंट आणि वाळू.

सातारा शहर, कोरेगाव, कराड अशा मध्यम पावसाच्या ठिकाणी चांगल्या सॉलिड किंवा पोकळ ब्लॉकवर १:१:६, दोन्ही हातांना. चुना मिळत नसेल तर पहिला हात १:५, दुसरा १:६. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर आबांनी १:१:६ चढवला.

मेढा, पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याचा पश्चिम भाग, आणि ब्लॉक किल्लीच्या परीक्षेत उतरलेला असेल तर पहिला हात १:½:४½, दुसरा १:१:६. इथे पहिला हात थोडा ताकदीचा चालतो, कारण ब्लॉकही तितका ताकदीचा आहे. ब्लॉक कमजोर असेल तर जोरदार पावसातही १:१:६ च्या पुढे जाऊ नका. छज्जा वाढवा, पावसाळी रंग लावा, पण सिमेंट वाढवू नका.

एएसी आणि भुकटी सांडणाऱ्या ब्लॉकसाठी १:१:६. माणदेशासारख्या कोरड्या भागात, आडोशाच्या भिंतीला १:२:९ सुद्धा छान चालतो. चुना नसेल तर १:६. एएसीसाठी तयार मिश्रणाची पोती मिळतात, त्यात पाणी धरून ठेवणारे घटक असतात. महाग पडतात, पण उन्हाळ्यात आणि हात नवखे असतील तेव्हा त्यांचा उपयोग होतो. त्यात साइटवरचं सिमेंट वरून मिसळू नये.

काळ्या दगडाचं जोतं असेल तर जमिनीपासून दीड फुटापर्यंत १:४ चालतो. पावसाचे शिंतोडे तिथे उडतात, आणि मागचा दगड १:४ ला पुरून उरेल इतका कडक आहे. नियम तोच.

वॉटरप्रूफिंगचं द्रव्य घालायचं असेल तर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू, गोणीला १२५ ग्रॅमचं पाकीट, सुरुवातीच्या आकसण्याच्या भेगा कमी करतात. पण ही दोन्ही कामं चांगल्या वाळूची जागा घेत नाहीत.

आधी तुकडा लावून बघा

ही पायरी कुणीही करत नाही आणि तीच सगळ्यात स्वस्त आहे. मागच्या भिंतीवर तीन बाय तीन फुटांचे दोन तुकडे, दोन वेगळ्या प्रमाणांचे, त्याच वाळूचे, त्याच गवंड्याच्या हातचे. आठवडाभर पाणी मारा, आठवडाभर सुकू द्या. मग रुपयाच्या नाण्याने ठोकून ऐका. भरीव आवाज हवा, पोकळ नको. पाणी शिंपडा. भेगा असतील तर पाणी सुकताना त्या काळ्या रेघांनी उठून दिसतात. किल्लीने खरवडा. वाळू मोकळी होऊन पडत असेल तर माल अशक्त किंवा पाण्याविना राहिलेला आहे. दोनपैकी जो तुकडा भेगेशिवाय आणि पोकळ न वाजता टिकला तो निवडा, दोन्ही टिकले तर त्यातला कमजोर.

मापणं आणि मळणं

सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे ३५ लिटर. आतून ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची लाकडी पेटी सुताराकडून करून घ्या, तिच्यात नेमकी एक गोणी मावते. वाळू त्याच पेटीने मोजा. घमेलं चोपून भरलं की एक माप, शीग लावली की दुसरं, संध्याकाळी दमल्यावर तिसरं. पेटी आल्यावर आमच्या कामावर हा वादच संपला.

आधी कोरडं सगळं रंग एक होईपर्यंत मिसळा, मग भिजवलेला चुना आणि पाणी. पाणी पिण्यालायक असावं. सांगलीकडे वाळवा, पलूस, मिरजेच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी बादलीला पांढरी किनार धरतं. असलं पाणी मालात घातलं तर भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, येतो आणि रंगाचे पोपडे निघतात. अशा वेळी नळाचं किंवा टँकरचं गोडं पाणीच वापरा, मारायलाही.

एका वेळी तासाभरात संपेल इतकाच माल मळा. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मालात पाणी ओतून तो पुन्हा कालवतात, तो माल मेलेला असतो. फेकायला जीव होत नाही हे समजतं, पण तो भिंतीवर गेला की तिथेच पोकळी होते.

भिंतीची तयारी

दर्जा, म्हणजे ब्लॉकमधले सांधे, सेंटिमीटरभर खोल खरवडून घ्या. वायरिंगच्या खाचा, परांचीची भोकं, तुळईखालची फट हे सगळं आठवडाभर आधी भरून ठेवा. तुळईखालची शेवटची फट भिंत बसल्यावरच भरावी, नाहीतर तिथे आडवी भेग ठरलेली.

काँक्रीट आणि ब्लॉक जिथे भेटतात, म्हणजे कॉलमच्या कडा, तुळई आणि लिंटेलच्या रेषा, तिथे गॅल्व्हनाइज्ड चिकन मेशची फूटभर रुंद पट्टी, दोन्हीकडे सहा सहा इंच. खिडकीच्या कोपऱ्यांना तिरकी पट्टी. जाळी भिंतीला चपटी ठोकू नका, मागे थोडी जागा राहून ती मालात बुडायला हवी. कॉलमच्या गुळगुळीत तोंडाला छिन्नीने टाचे मारा.

मग सिमेंट आणि जाड वाळूचा १:२ चा पातळ माल थापीने जोरात फेकून सगळ्या भिंतीवर खडबडीत शिंतोड्यांचा हात द्या. हा थर ३ ते ५ मिलिमीटर, पसरवायचा नाही, फेकायचाच. एएसीवर १:३. दोन दिवस ओला ठेवून मग सुकू द्या. गुळगुळीत ब्लॉकला हा हात पकड देतो आणि तहानलेल्या ब्लॉकची तहान सगळीकडे सारखी करतो. कडक असूनही तो चालतो, कारण तो सलग साल नसून ठिपके आहेत.

दोन हात

ओळंबा लावून जाडी ठरवणारे मालाचे ठिपके द्या, ठिपक्यांवरून पट्टे ओढा. पहिला हात १२ ते १३ मिलिमीटर, ॲल्युमिनियमच्या पाट्याने सपाट, आणि ओला असतानाच त्यावर नागमोडी ओरखडे. भिंत वाकडी असेल आणि कुठे २० मिलिमीटरपेक्षा जास्त भरावं लागत असेल तर ते आधी वेगळ्याने भरून घ्या. एका दमात जाड माल चढवला की तो स्वतःच्या वजनाने घसरतो आणि आतून सुटतो.

पहिला हात तीन-चार दिवस ओला ठेवा, मग तितकेच दिवस सुकू द्या. त्याला जे आकसायचं ते दुसरा हात येण्याआधी आकसून घेऊ द्या. ठेकेदार दुसऱ्याच दिवशी वरचा हात मागतो, कारण परांचीचं भाडं चालू असतं. मी त्या भाड्याची बाजू समजतो, तरीही थांबतो. दुसरा हात ६ ते ८ मिलिमीटर, पहिल्यावर पाणी मारून, लाकडी रंध्याने. लोखंडी थापीने घोटू नका. घोटल्यावर सिमेंट वर येऊन चकचकीत, कडक साल होते आणि तीच आधी तडकते.

इथे एका सवयीवर लक्ष ठेवा. माल भिंतीवर लवकर आवळत नाही म्हणून गवंडी कोरडं सिमेंट किंवा सुका माल हाताने भिंतीवर मारतात आणि रंधा फिरवतात. काम झटपट उरकतं, भिंत सुंदर दिसते. पण तुम्ही इतक्या विचाराने ठरवलेला १:६ चा हात त्या वरच्या मिलिमीटरभरात निव्वळ सिमेंटचा झालेला असतो. कामाच्या पहिल्या सकाळीच चहा घेता घेता नम्रपणे सांगून ठेवा, "दादा, सुकं मारायचं नाही, आपण थांबू." काम सुरू झाल्यावर सांगितलं तर त्यांना तो अपमान वाटतो.

सूर्याच्या मागे मागे काम करा. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. एप्रिल-मे मध्ये निवडीची मुभा असेल तर बाहेरचा गिलावा दिवाळीनंतर ढकला. कार्तिक ते माघ हा आपल्याकडचा उत्तम काळ. पावसाळ्यात करावाच लागला तर पहिले दोन दिवस ताडपत्री, नाहीतर सरीच्या माऱ्याने ताजा माल धुऊन जातो.

पाणी मारणं

किमान ७ दिवस, पीपीसी असेल तर १०. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा धार मारून भागत नाही, मधल्या दुपारी भिंत पांढरी पडता कामा नये. पश्चिमेच्या भिंतीवर गोणपाट सोडून ते ओले ठेवणं सगळ्यात सोपं. धारेऐवजी फवारा, विशेषतः पहिल्या दोन दिवसांत. एएसीवर हलका फवारा पण वरचेवर.

कडा, जिथून पाणी खरोखर शिरतं

छज्जा आणि खिडकीच्या वरच्या बाजूला खालून, कडेपासून इंचभर आत, बोटाएवढी खाच ठेवा. पाणी तिथे तुटून खाली पडतं, नाहीतर ते छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीपर्यंत येतं. खिडकीखालच्या पट्टीला बाहेर उतार. पॅरापेटच्या डोक्याला गच्चीकडे उतार. जोत्यावरच्या ओल-प्रतिबंधक थराला वरचा गिलावा ओलांडून जाऊ देऊ नका. तिथे आडवी खाच देऊन तोडा, नाहीतर जमिनीतली ओल गिलाव्यातून वर चढते. कृष्णाकाठच्या ज्या घरांत २००५, २०१९ किंवा २०२१ चं पाणी शिरलं होतं, तिथे भिंतीत क्षार बसलेले असू शकतात. जुना गिलावा पुराच्या खुणेच्या दोन फूट वरपर्यंत काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा, भिंत पुरती सुकू द्या, आणि मगच चुना घातलेला माल लावा. घाईने कडक सिमेंटचा हात दिला तर ओल त्याच्या वर चढून फुटते.

किती लागेल

१००० चौरस फूट भिंतीला २० मिलिमीटर जाडीने, खाचखळगे आणि सांडलवंड धरून, १:४ ला साधारण १७ गोण्या सिमेंट लागतं आणि १:६ ला १२. वाळू दोन्हीकडे पाऊण ते एक ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) दरम्यान. १:१:६ करायचा तर त्या १२ गोण्यांसोबत २४० किलोच्या आसपास चुना. शिंतोड्यांच्या हाताचं सिमेंट वेगळं. म्हणजे योग्य माल बहुतेक वेळा सिमेंट वाचवतोच. वाचलेल्या पैशात धुतलेली वाळू, जाळी आणि पाणी मारायला आठवडाभर एक माणूस बसतो.

रंगाआधी किमान चार आठवडे भिंत तशीच ठेवा. ओल बाहेर जायला आणि चुना पकडायला तेवढा वेळ लागतो. पहिल्या पावसाळ्यात एखाद्या उघडिपीच्या सकाळी घराभोवती फेरी मारा आणि भिंतीचा कोणता भाग सगळ्यात शेवटी वाळतो ते बघून पेन्सिलने खूण करा. दिवाळीला त्या खुणेवर नाण्याने ठोका. पोकळ वाजलं तर तेवढाच चौकोन कापून काढा, आणि भरताना भोवतालचा जो माल होता तोच, त्याच पेटीने मोजून लावा.